मूर्त-अमूर्त चित्रांचं प्रदर्शन ठाण्या-नवी मुंबईत मांडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच चित्रकाराची चित्रं, त्यात माणसांच्या आकृत्याही आहेत आणि निव्वळ रंग-पोतही, आणि ती संग्रहालयाच्या शिस्तीने मांडायची आहेत. अशा वेळी चित्रकार, क्युरेटर, सुतार, वायरमन आणि मदतीला आलेले विद्यार्थी जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मापं बहुतेक ठिकाणी फूट-इंचांत दिली आहेत, कारण सुताराशी बोलताना तीच लागतात.

मूर्त आणि अमूर्त एकाच चित्रात असतं म्हणजे नेमकं काय असतं?

लांबून एखादा खांदा, वाकलेली पाठ, खाडीवरचा पूल असं काहीतरी ओळखू येतं. चार पावलं पुढे गेलात की पाठ हातातून सुटते आणि उरतात ते सुरीने ओढलेले राखाडी पट्टे, खरवडलेला थर, त्याखालून डोकावणारा गेरू. चित्रकार साधारण दोन वाटांनी इथवर येतो. एक तर आधी आकृती काढायची आणि मग ती झाकत, पुसत, तोडत न्यायची. किंवा आधी रंगाचे थर चढवायचे आणि त्यात दिसलेला आकार दोन-चार रेषांनी पक्का करायचा.

कुठलं चित्र कुठल्या वाटेने आलं, हे बरेचदा कॅनव्हासच्या कडेला कळतं. स्ट्रेचरवर, म्हणजे कॅनव्हास ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीवर, वळलेल्या त्या बोटभर पट्टीवर खालचे थर उघडे असतात. मांडणी ठरवण्याआधी प्रत्येक चित्राची कड बघा. आणि कृपा करून त्या कडेवर जाड सोनेरी पट्टीची फ्रेम चढवू नका. फ्रेम हवीच असेल तर कॅनव्हासभोवती पाव इंच मोकळी जागा सोडणारी फ्लोटर फ्रेम करून घ्या. वागळे इस्टेटमधल्या फ्रेमवाल्यांना हे नाव माहीत नसलं, तरी नमुना दाखवला की ते करून देतात.

लोक म्हणतात, ‘चित्र अर्धवट राहिलंय.’ काय उत्तर द्यायचं?

उत्तर देण्याआधी त्यांना सहा-सात पावलं मागे न्या. बऱ्याचदा तक्रार तिथेच मिटते.

तरीही कोणी अडून बसलं तर उदाहरणं भरपूर आहेत. अमेरिकेतल्या विलेम डी कूनिंग या चित्रकाराने ‘वूमन १’ हे चित्र १९५० ते १९५२ अशी दोन वर्षं रंगवलं, खरवडलं, पुन्हा रंगवलं. आज ते न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे. तिथलाच चित्रकार फिलिप गस्टन अनेक वर्षं अमूर्त काम करून १९७०च्या न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनात आकृत्यांकडे परतला, तेव्हा समीक्षकांनी त्याला झोडपलं होतं. आपल्याकडे वासुदेव गायतोंडे उलट दिशेने गेले: सुरुवातीच्या कामात आकृत्या, पुढे रोलर आणि पॅलेट नाइफने (रंगाच्या सुरीने) घडवलेला निव्वळ पृष्ठभाग. तैयब मेहतांच्या चित्रात देह असतो, पण तो सपाट रंगांच्या पट्ट्यांत चिरलेला. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) एखादं पान, एखादं घड्याळ ओळखू येईल असं काढतात आणि भोवतीच्या रिकाम्या अवकाशात ते असं सोडतात, की वस्तूपेक्षा ती मोकळी जागाच जास्त बोलते.

ठाण्यात तर सुधीर पटवर्धनांचं नाव घ्यायलाच हवं. १९७५ ते २००५ या काळात ते इथे रेडिओलॉजिस्ट होते आणि याच शहराचे रस्ते, उतार, इमारती रंगवत होते. त्यांना कोणी अमूर्त चित्रकार म्हणणार नाही. पण ‘लोअर परळ’सारख्या मोठ्या चित्रातली माणसं क्षणभर डोळ्याआड करून फक्त भिंती, पूल आणि छपरं बघा, रंगाच्या पातळ्यांची किती घट्ट रचना त्याखाली आहे ते दिसतं. दोन टोकं वाटतात तेवढी लांब नाहीत, हे सांगायला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही.

आकृत्यांची चित्रं एका भिंतीवर आणि अमूर्त चित्रं दुसऱ्या भिंतीवर लावावीत का?

नको. सर्वांत जास्त घडणारी चूक हीच. अशी वाटणी केली की लोक आकृत्यांच्या भिंतीपुढे गप्पा मारतात आणि दुसऱ्या भिंतीवरून पाच मिनिटांत चहाला जातात. शिवाय ज्या चित्रात दोन्ही आहे ते कुठे लावायचं हा प्रश्न राहतोच, आणि ते बिचारं दाराजवळच्या कोपऱ्यात जातं. खरं तर तेच प्रदर्शनाचं मुख्य चित्र असतं.

वर्षांच्या क्रमाने लावणं त्याहून बरं, पण त्यातून ‘आधी याला माणसं काढता येत होती, नंतर जमेना’ असा उलटा अर्थ निघू शकतो. आम्ही सुचवतो ती पद्धत अशी. चित्रांचे छोटे प्रिंट काढा, १ फुटाला १ इंच या प्रमाणात. हॉलच्या भिंती त्याच प्रमाणात पुठ्ठ्यावर कापा. मग एक आकृती निवडा, समजा वाकलेली पाठ, आणि तिचा मागोवा घेणारी तीन-चार चित्रं शोधा: एकात पाठ स्पष्ट, दुसऱ्यात फक्त कमान, तिसऱ्यात त्या कमानीचा नुसता रंग. ती सलग एका ओळीत लावू नका, धडा गिरवल्यासारखं होतं. दोन एका भिंतीवर ठेवा आणि तिसरं समोरच्या भिंतीवर, म्हणजे वळल्यावर अचानक ओळख पटते.

दारातून आत आल्यावर जे पहिलं दिसतं ते दारापासून किमान १२ फुटांवर असावं आणि त्यात आकृती जेमतेम ओळखू येणारी असावी. फार स्पष्ट चित्र पहिलं लावलं, की पाहणारा पुढच्या प्रत्येक चित्रात ‘यात काय लपलंय’ हे कोडं सोडवत बसतो.

रेखाटनांसाठी एक छोटी भिंत राखून ठेवा. कोळशाची, शाईची सहा-आठ रेखाटनं एकमेकांजवळ लावली की चित्रकाराचा हात कसा चालतो ते कळतं. मात्र ही भिंत शेवटी असावी. सुरुवातीला लावली की ती ‘उत्तरपत्रिका’ होते.

किती चित्रं लावावीत?

भिंत मोजा. ४० × २५ फुटांच्या हॉलचा घेर १३० फूट. दारं, खिडक्या, एसीचे युनिट, स्विचबोर्ड, अग्निशामकाची जागा वजा केली की साधारण १०० फूट हाती लागतात. सरासरी ४ फूट रुंदीचं चित्र आणि मध्ये अडीच फूट मोकळी जागा, म्हणजे एका चित्राला साडेसहा फूट. हिशोब १५ चित्रांवर थांबतो. चित्रकार ३० चित्रं घेऊन येतो आणि सगळी लावायचा आग्रह धरतो, हे ठरलेलंच. ऐकू नका. दाटीवाटीत एका चित्रातली आकृती शेजारच्या चित्रातल्या रंगपट्ट्याशी जोडली जाते आणि दोन्ही चित्रं बिघडतात.

चित्रापासून पाहणाऱ्याला किती मागे जाता यायला हवं?

अंदाजाला एक नियम पुरतो: चित्राच्या कर्णाच्या दीडपट. ५ × ६ फुटांच्या चित्राचा कर्ण पावणेआठ फूट, म्हणजे साधारण १२ फूट मागे जाता आलं पाहिजे. तेवढी जागा नसेल तर ते चित्र त्या हॉलमध्ये आणूच नका, कारण त्यातली आकृती कोणालाच दिसणार नाही. मधोमध टेबल, उद्घाटनाची समई, पुष्पगुच्छांचं स्टँड ठेवणारे लोक नेमकी हीच मागे सरकायची जागा अडवतात. समई दाराजवळ एका बाजूला ठेवा आणि कार्यक्रम झाला की उचला.

हॉल बघायला जाताना काय तपासावं?

ठाण्यात कापूरबावडीचं ठाणे कलाभवन चित्रकारांच्या ओळखीचं आहे. वाशीचं सिडको एक्झिबिशन सेंटर अशा एकट्या प्रदर्शनासाठी फार मोठं पडतं. तिथे गेलात तर आत पार्टिशन उभारावी लागतील. जागा कोणतीही असो, सोबत टेप, पाणसळ आणि मोबाइलचा टॉर्च न्या.

दाराची उंची-रुंदी आणि जिन्याचं वळण मोजा. छताची उंची घ्या. भिंतीवर टॉर्च आडवा धरून ओल, पोपडे, जुनी भरलेली भोकं बघा. एसी रात्री चालू ठेवता येईल का, हे लेखी विचारून घ्या. भिंतीला भोक पाडायची परवानगी आहे की वरच्या रेलवरूनच टांगायचं आहे, तेही. रेल असेल तर ती किती वजन धरते ते पाटीवर लिहिलेलं असतं. नसेल तर एका टोकाला १५ किलो वजनाची पिशवी टांगून रात्रभर ठेवून बघणं हा साधा उपाय आहे.

चित्र किती उंचीवर लावायचं?

चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर. सगळ्या चित्रांचे मध्य एका रेषेत, वरच्या कडा नव्हे. दोरीला खडूची पूड लावून भिंतीवर रेष मारा आणि हे सूत्र वापरा:

खिळ्याची उंची = ५७ + चित्राची अर्धी उंची − वरच्या कडेपासून ताणलेल्या तारेपर्यंतचं अंतर.

४८ इंच उंचीचं चित्र, तार ४ इंच खाली: ५७ + २४ − ४ = ७७ इंच. तार मोजताना मधोमध बोटाने वर ओढूनच मोजा. सैल तार मोजली की चित्र इंच-दीड इंच खाली जातं.

६ फुटांहून उंच चित्रांना हा नियम लागू करू नका. त्यांची खालची कड जमिनीपासून १२ ते १५ इंचांवर ठेवा. चित्रात उभा माणूस असेल तर आणखी खाली चालेल. पाहणाऱ्याच्या आणि त्या आकृतीच्या डोळ्यांची पातळी जुळली की चित्र वेगळंच वागतं.

गिट्टी भिंतीत धरत नाही. असं का होतं?

ठाण्या-नवी मुंबईतल्या नव्या इमारतींत बऱ्याच भिंती सायपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांच्या असतात. त्यात हॅमर मोडवर ड्रिल चालवलं की भोक फाटतं, पूड पडते आणि साधी गिट्टी फिरत राहते. हॅमर बंद करा, साध्या फिरकीवर ८ मिमीच्या बिटऐवजी ७ मिमीचं बिट वापरा आणि हलक्या ठोकळ्यांसाठीची लांब नायलॉनची गिट्टी घाला. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत मात्र हॅमर लागतोच. ड्रिलमधून पांढरी मऊ पूड आली तर सायपोरेक्स, लाल आली तर वीट, राखाडी आणि बिट तापलं तर काँक्रीट.

जिप्समच्या पार्टिशनवर काहीही थेट लावू नका. सुताराला आतून १८ मिमीचा प्लाय मारायला सांगा.

३ फुटांहून रुंद चित्र एका खिळ्यावर, एका तारेवर कधीच नको. ते रोज थोडं तिरकं होतं. मागे दोन डी-रिंग (D आकाराच्या धातूच्या कड्या), वरून एक चतुर्थांश उंचीवर, आणि भिंतीत दोन स्वतंत्र हुक. प्रत्येक हुक चित्राच्या वजनाच्या चौपट भार पेलणारा घ्या. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या अर्ध्या इंचाच्या टिकल्या लावा, म्हणजे भिंत आणि कॅनव्हास यांच्यामध्ये हवा खेळते.

प्रकाशयोजना कशी करावी?

इथे घाई केली की बाकी सगळी मेहनत वाया जाते. अशा चित्रांत अर्धं काम पोत करतो, आणि पोत प्रकाशाच्या कोनावर जगतो.

ट्रॅकवरचे एलईडी स्पॉट घ्या, १२ ते १५ वॅट, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वर, रंगतापमान ३००० ते ४००० केल्व्हिन. सगळे दिवे एकाच कंपनीचे, एकाच बॉक्समधले असावेत. मिसळले की एका चित्रातला राखाडी हिरवट आणि शेजारच्यातला गुलाबी दिसतो. हॉलच्या छतावरच्या पांढऱ्या ट्यूबलाइट बंद ठेवा. त्या चालू राहिल्या तर स्पॉटचा उपयोग शून्य.

दिवा उभ्या रेषेपासून ३० अंशांत झुकलेला हवा. भिंतीपासून दिव्याचं अंतर काढायला छताची उंची वजा ४ फूट ९ इंच (चित्राच्या मध्याची उंची), गुणिले ०.५८. १२ फुटांच्या छताला सव्वाचार फूट, १० फुटांच्या छताला ३ फूट. दिवा भिंतीच्या याहून जवळ आणला की जाड रंगाच्या प्रत्येक उंचवट्याखाली लांब सावली पडते आणि आकृती त्या सावल्यांत हरवते. फार लांब नेला तर चकचकीत तैलरंगावर दिव्याचा डाग दिसतो आणि पाहणाऱ्याची स्वतःची सावली चित्रावर पडते.

तैलरंग आणि ॲक्रिलिकला १५० ते २०० लक्स (चित्रावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप). कागदावरच्या कामाला, जलरंगाला ५० लक्स, त्याहून जास्त नको. लक्समीटर नसेल तर मोबाइलमधलं ॲप अंदाजापुरतं चालतं, पण दोन फोन दोन आकडे दाखवतात, म्हणून सगळीकडे एकच फोन वापरा.

४ फूट रुंद चित्राला २४ अंशांच्या झोताचा एक स्पॉट पुरतो. ६ फुटांपुढे दोन, डावीकडून आणि उजवीकडून, पण एक थोडा मंद ठेवा. दोन्ही सारखे ठेवले की पोत सपाट होतो. कोणता मंद करायचा ते चित्रकारालाच विचारा: रंगवताना त्याची खिडकी ज्या बाजूला होती त्या बाजूचा दिवा तेज ठेवला, की सुरीचे फटकारे जसे त्याला दिसले होते तसे दिसतात.

चित्रं घरातून हॉलपर्यंत न्यायची कशी?

आधी लिफ्ट मोजा. अनेक चित्रकार सोसायटीतल्या फ्लॅटच्या एका खोलीत काम करतात आणि ७ फुटांचं चित्र पुरं झाल्यावर ते खाली कसं जाणार, याचा विचार तेव्हा सुरू होतो. लिफ्टचं दार साधारण साडेसहा फूट उंच असतं. दाराची उंची, आतली खोली आणि तिरकं घालता येणारं माप, तिन्ही लिहून ठेवा. मोठं काम करायचंच असेल तर ते दोन किंवा तीन जोड-कॅनव्हासवर करणं हा शहाणपणा आहे. जिन्यावरून नेताना दोन माणसं, आणि वळणावर तिसरा फक्त वरचा कोपरा बघायला.

बांधणीचा क्रम चुकवू नका. रंगाला लागून ग्लासिन किंवा सिलिकॉनचा न चिकटणारा कागद. त्यावर पुठ्ठ्याचे कोपरे. मग दोन्ही बाजूंना चित्राच्या मापाचा जाड पुठ्ठा. सर्वांत शेवटी बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. बबल रॅप थेट ॲक्रिलिकवर गुंडाळला आणि टेम्पो मे महिन्याच्या उन्हात तासभर उभा राहिला, तर रंग मऊ होऊन त्यावर गोल गोल ठसे उमटतात. ते निघत नाहीत. त्याच कारणाने दोन ॲक्रिलिक चित्रं तोंडाला तोंड लावून कधीच ठेवू नयेत.

छोट्या हत्तीची (लहान टेम्पोची) आतली लांबी सुमारे ७ फूट आणि रुंदी पावणेपाच फुटांच्या आसपास. चित्रं त्यात उभी, गाडीच्या लांबीला समांतर ठेवायची, आडवी एकावर एक नाही. खाली जुनी गादी, मध्ये पुठ्ठा, आणि पट्टा आवळायचा तो स्ट्रेचरच्या लाकडावर, मधल्या कॅनव्हासवर नव्हे. उघड्या गाडीपेक्षा बंद बॉडीची गाडी घ्या. ताडपत्री फडफडून कॅनव्हासवर आपटते. कळव्याहून किंवा ऐरोलीहून येत असाल तर सकाळी लवकर निघा. घोडबंदर रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत दर दहा फुटांवर ब्रेक लागतो आणि प्रत्येक ब्रेकला चित्रं पुढे सरकतात.

गाडीत ठेवण्याआधी प्रत्येक चित्राचे फोटो काढा: समोरून, मागून, चारही कोपरे, आणि एक टॉर्च आडवा धरून. आधीचे तडे, खड्डे कागदावर लिहा आणि देणारा-घेणारा दोघांच्या सह्या घ्या. चित्रं संग्राहकांकडून उसनी आणली असतील तर हा कागद विम्यापेक्षाही आधी लागतो. विमा उतरवताना तो भिंतीवरून काढल्यापासून परत भिंतीवर लागेपर्यंतचा आहे ना, हे तपासा; नुसता हॉलमधल्या दिवसांचा विमा फारसा कामाचा नाही, कारण बहुतेक नुकसान वाटेत होतं.

मोठा कॅनव्हास स्ट्रेचरवरून काढून गुंडाळून न्यावा का?

नाइलाज असेल तरच. नळी किमान ८ इंच व्यासाची, पीव्हीसीची चालेल. रंगाची बाजू बाहेर, कारण आत ठेवली की रंगाचे थर एकमेकांवर दाबले जाऊन सुरकुततात. जाड सुरीकाम असलेलं चित्र मुळीच गुंडाळू नका. परत ताणताना चारही बाजूंच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे जा, समोरासमोर एकेक स्टेपल मारत. एका कोपऱ्यातून सुरुवात केली की तिरपी सुरकुती पडते आणि ती बरोबर आकृतीच्या चेहऱ्यावर येते.

पावसाळ्यात प्रदर्शन करावं का?

जून ते सप्टेंबर टाळता आलं तर टाळा. खाडीकाठच्या या पट्ट्यात जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. चित्रांना ४५ ते ५५ टक्के मानवते, आणि ६५च्या वर बुरशी धरायला लागते.

खरं नुकसान मात्र चढ-उतारामुळे होतं. दिवसभर एसी, रात्री बंद: सकाळी कॅनव्हास सैल, दुपारी ताठ. रंगाचे जाड थर इतके लवचिक नसतात, त्यामुळे सुरुवातीला केसासारख्या भेगा पडतात. चोवीस तासांत आर्द्रता १० टक्क्यांहून जास्त हलू देऊ नका. रात्री एसी चालू ठेवता येत नसेल तर दिवसाही तो २६-२७ अंशांवर ठेवा आणि एक डीह्युमिडिफायर रात्रभर चालवा. पाण्याचा डबा भरला की तो आपोआप बंद पडतो, म्हणून नळी काढून बादलीत सोडा. दोनशे-तीनशे रुपयांचे दोन आर्द्रतामापक, एक एसीजवळ आणि एक लांबच्या कोपऱ्यात, एवढं तरी कराच. कॅनव्हास सैल पडला म्हणून लगेच मागच्या, स्ट्रेचरच्या कोपऱ्यातल्या लाकडी पाचरी ठोकू नका. हवा कोरडी झाली की तोच कॅनव्हास जास्त ताणला जाऊन कोपऱ्यात फाटतो.

भिंत नव्याने रंगवली असेल तर चित्रं लावण्याआधी किमान आठवडा जाऊ द्या. नवं प्लास्टर असेल तर तो हॉलच नको.

मागच्या बाजूला राखाडी-पांढरे ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नका, बुरशी पसरते. मास्क लावा, चित्र बाजूला काढून कोरड्या खोलीत ठेवा. ठिपके समोर, रंगावर आले असतील तर हात न लावता संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र बाहेरची कामंही घेतं.

प्रदर्शनाआधी व्हार्निश मारावं का?

तैलरंग पुरता वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं. त्याआधी शेवटचं व्हार्निश मारलं तर ते चिकट राहतं आणि धूळ धरतं. अशा चित्रांत चित्रकाराने मुद्दाम काही भाग मॅट, काही चकचकीत ठेवलेले असतात. एकसारखा थर तो फरक मारून टाकतो. त्याला विचारल्याशिवाय बाटली उघडू नका.

लेबलवर काय लिहायचं?

चित्राचं नाव, वर्ष, माध्यम, माप, आणि चित्र उसनं असेल तर कोणाच्या संग्रहातून. मापात आधी उंची, मग रुंदी. मराठी वर, इंग्रजी खाली. किंमत लिहू नका. संग्रहालयाच्या शिस्तीने मांडणी म्हटल्यावर चित्र विकलं गेल्याची खूण म्हणून लावतात त्या लाल टिकल्यांना जागा नाही. विक्रीची चौकशी झालीच तर वेगळी यादी टेबलाखाली ठेवा.

अर्थ लिहू नका. ‘यात शहरातल्या माणसाचं एकटेपण दिसतं’ असं लेबल लावलं की पाहणारा तेवढंच बघून पुढे सरकतो. त्याऐवजी हाताला लागणारी माहिती द्या: ‘आधी कोळशाने आकृती, त्यावर ॲक्रिलिकचे थर, शेवटी सँडपेपर.’ हे वाचून माणूस परत चित्राकडे वळतो. प्रवेशद्वारावरचा मजकूर दीडशे शब्दांत बसवा.

मराठी अक्षरांत वर मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून ओळींमधली जागा अक्षराच्या दीडपट ठेवा. लेबलला २० पॉइंट, भिंतीवरच्या मजकुराला ३६ पॉइंटच्या खाली जाऊ नका. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींची मांडणी चालू केलेली नसेल तर जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर सरकते. छापायला देण्याआधी पीडीएफ काढा आणि मराठी वाचणाऱ्या दोन माणसांना दाखवा. छापखान्यात कोणी वाचून बघत नाही.

शीर्षक नसेल तर?

‘शीर्षक नाही’ असं लिहा, आणि सोबत क्रमांक. प्रदर्शनासाठी घाईत नावं ठेवू नका.

पुस्तिकेत आणि सोशल मीडियावर चित्रांचे फोटो वापरायला संग्राहकाची परवानगी पुरते का?

नाही. चित्र विकलं तरी कॉपीराइट साधारणपणे चित्रकाराकडेच राहतो, आणि भारतात तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. दोघांची लेखी परवानगी घ्या. फोटो काढताना फ्लॅश नको, दोन बाजूंनी ४५ अंशांत मंद दिवे लावा आणि कोपऱ्यात रंगपट्टी (फोटोतले रंग जुळवायला छापील रंगांची पट्टी) ठेवा.

शाळेच्या सहली येणार आहेत. चित्रांना हात लागू नये म्हणून काय करावं?

भिंतीपासून दीड फुटावर जमिनीवर राखाडी टेपची रेष. दोरीचे खांब मुलं ओढतात. जाड पोत बघून हात लावावासा वाटणं स्वाभाविक आहे, म्हणून चित्रकाराकडून एक फूटभर कॅनव्हास त्याच पद्धतीने रंगवून घ्या आणि ‘याला हात लावा’ अशी पाटी लावून दाराजवळ ठेवा. मोठी माणसंही तिथे गर्दी करतात.

वीस मुलांचा एक गट, वीस मिनिटं, तीन चित्रं. एवढंच. प्रत्येक चित्रापाशी आधी लांब उभं करा आणि काय दिसतं ते विचारा, मग जवळ आणा आणि काय नाहीसं झालं ते विचारा. ‘चित्रकाराला काय म्हणायचंय’ हा प्रश्न विचारू नका. मुलं सरांकडे बघायला लागतात.

आम्हाला आधी कुठे जाऊन अशी मांडणी बघता येईल?

काळा घोड्याला सर कावसजी जहांगीर हॉलमधलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. १९९६ पासून ते तिथे आहे. ठाण्याहून मध्य रेल्वेने किंवा वाशीहून हार्बरने सीएसएमटी, पुढे वीस मिनिटं चालत. सोमवारी बंद. २०१९ मध्ये बरवे आणि त्याच वर्षाअखेरीस पटवर्धन, अशी दोन मोठी सिंहावलोकनी प्रदर्शनं तिथे झाली. चित्रं तर बघाच, पण एक फेरी फक्त मांडणीसाठी मारा: दिवे कुठून येतात, लेबल किती लांब लावलंय, वळणाऱ्या भिंतीवर सरळ चित्र कसं बसवलंय, जिन्यावरून खाली बघताना कोणतं चित्र दिसतं. समोरच वस्तुसंग्रहालय आहे आणि बाजूला जहांगीर आर्ट गॅलरी, त्यामुळे एका दिवसात तीन तऱ्हा बघून होतात.

प्रदर्शन उतरवताना काय लक्षात ठेवावं?

समारोपाच्या संध्याकाळी उतरवू नका. सगळे दमलेले असतात, निम्मे जेवायला निघालेले असतात आणि पॅकिंगचा कागद सापडत नाही. हॉल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घ्या. भाडं थोडं जास्त पडेल.

दिवे बंद करून चित्रं अर्धा तास तशीच राहू द्या, मग उतरवा. आणताना केलेला कागद हातात घेऊन प्रत्येक चित्र पुन्हा टॉर्चखाली बघा, नवे फोटो काढा, सही घ्या. उसनी चित्रं आधी रवाना करा, चित्रकाराची स्वतःची शेवटी. मागचे हुक आणि डी-रिंग काढून टाकू नका. गिट्ट्या उपटून भोकं पुट्टीने भरा, वाळली की सँडपेपर मारा आणि हॉलच्याच रंगाचा हात द्या. त्यासाठी सुरुवातीलाच हॉलच्या माणसाकडून रंगाचा क्रमांक लिहून घेतलेला बरा, नाहीतर डिपॉझिटमधून पैसे कापले जातात.